कालच्याएवढंच पाणी

मे महिना लागला की सकाळी उठल्याबरोबर माझे डोळे पाण्याची रेघ शोधायला लागतात. चहाचं आधण नंतर, देवाची फुलं नंतर, आधी रेघ. घराच्या मागच्या पायऱ्या उतरायच्या, पोहायच्या पुलाच्या निळ्या फरशीच्या काठावर उकिडवं बसायचं आणि पाणी वरून दुसऱ्या सांध्याला टेकलंय की नाही ते बघायचं. यंदा बघण्यासारखं काही नाही. पूल रिकामा आहे. तळाशी काजूची वाळकी पानं गोळा झाली आहेत. एक सरडा उथळ बाजूच्या पायरीवर ऊन खात बसलेला असतो आणि मी दिसले की 'आली ही पुन्हा' अशा नजरेने मान वर करतो. तरी मी जाते. पाणी गेलं पण फरशीवर त्याची पांढरी रेघ राहिली आहे. मी ती चिंच लावून घासली, काथ्याने घासली, जात नाही.

आमचं गाव मालगुंडच्या अलीकडे, माथ्यावरचा सपाट सडा संपून जमीन समुद्राकडे उतरायला लागते त्या उतारावर. वर काळा कातळ, खाली माड, मधे आम्ही. घरामागे जुनी चिऱ्यांची खाण होती. आमच्या घराच्या, शाळेच्या आणि निम्म्या वाडीच्या भिंती त्या खाणीतून निघालेल्या आहेत. चिरे काढून उरलेला चौकोनी खड्डा आम्ही करवंदीच्या जाळीसकट वर्षानुवर्षं तसाच ठेवला होता. माझा नवरा प्रकाश जहाजावर मोटरमन आहे. वर्षातला मोठा भाग तो इंजिनरूममध्ये असतो आणि उरलेल्या दिवसांत घरी येऊन न बिघडलेले नळ दुरुस्त करत बसतो. अशाच एका सुट्टीत तो त्या खड्ड्यात उतरला, चारी भिंतींवर हात फिरवून आला आणि म्हणाला, "मीना, खणायचं कामच नाही. आयता पूल आहे हा."

पर्यटकांसाठी दोन खोल्या आम्ही आधीच काढल्या होत्या. पूल झाला की माणसं येतील, माणसं आली की बोटीवर जायला नको, इतकं सरळ त्याचं म्हणणं होतं. मला ते फार आवडलं. लग्न झाल्यापासून मी या माणसाला सलग एक वर्ष घरात बघितलेलं नाही. पावसात तो घरी असला तर दिवाळीत नसतो, आणि शिमग्याला आला तर गणपतीला मी एकटीच आरती म्हणते. तेव्हा त्याने पूल म्हटलं आणि मी हो म्हटलं. त्याने विमानतळ म्हटलं असतं तरी म्हटलं असतं.

खाणीची समुद्राकडची बाजू उतरती होती. तिथे चिऱ्याच्या कपच्या आणि माती टाकून भराव केला, वर सिमेंट काँक्रीट, त्यावर फरशी. पाण्याचे पाइप नेले ते त्याच भरावातून. आमच्याकडे कुणी नवीन घर बांधायला काढलं तर भरावाला निदान एक पावसाळा खाऊ घालतो. तो बसतो, दबतो, मग त्यावर जोतं. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण पूल म्हणजे काही घर नव्हे, असं आम्हाला सगळ्यांनाच कसं वाटलं कोण जाणे. गवंड्याला वाटलं, प्रकाशला वाटलं आणि मलाही वाटलं.

त्याआधीच्या हिवाळ्यात बोअर मारून घेतली होती. पुलाला पाणी लागणार म्हणून. पाणी चांगलं लागलं, फक्त गंजकट. कपडे पिवळे पडायचे, चहा काळा व्हायचा. म्हणून प्यायला आम्ही आणायचो ते इंदूवहिनींच्या बावीचंच.

इंदूवहिनी म्हणजे आमच्या कुंपणाखालचं घर. माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या. नवरा गेलेला, मुलगे मुंबईला, सुना सुट्टीपुरत्या. त्यांच्या अंगणात चिऱ्यांनी बांधलेली बाव आहे, आमच्याकडे विहिरीला बावच म्हणतात. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम दिलं ते कळशी घेऊन त्या बावीवर जायचं. तेव्हापासून रोज सकाळी एक कळशी. वहिनी राहाट ओढता ओढता माझ्या माहेरची चौकशी करायच्या, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या आणि पोफळीची दोन फुलं कळशीच्या तोंडावर ठेवून द्यायच्या. घरात भांडण झालं की मी दोन कळश्या आणायचे. दुसरी कशाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

फक्त मे महिन्यात त्या बावीचं पाणी तळाला जायचं. तेवढे दिवस वाडी पाणी पाणी करायची आणि वहिनी घरात गप्प बसून असायच्या. आपल्या बावीला पाणी नाही हे त्यांना स्वतःचंच उणं वाटायचं. बोअर मारली त्या वर्षी तर चैत्र सरतो न सरतो तोच पोहरा चिखलाला लागला. "यंदा ऊन लय हाय गो," असं त्या म्हणाल्या. मीही मान हलवली. ऊन होतंच.

मला आठवतो तो त्याच्या पुढच्या वर्षीचा मे. पूल दिवाळीत भरला होता आणि हा त्याचा पहिला उन्हाळा. त्या मोसमाचे वास अजून माझ्या ओढणीत आहेत असं वाटतं. अंगणात आमसुलं वाळत घातलेली, पडवीत फणस फोडलेला, आणि मधूनच मागून येणारा क्लोरीनचा टोकदार वास. पुण्याकडची मंडळी गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्यात उड्या घ्यायची. त्यांचं ते किंचाळणं ऐकून वाडीतली गुरं सुरुवातीला बुजायची, मग गुरांनाही सवय झाली. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हे लोक खड्ड्यात का डुंबतात, असा प्रश्न वाडीला पडायचा. मला पडायचा नाही. मला त्या खड्ड्याने वेड लावलं होतं.

खरं सांगते, तोवर पंप म्हणजे बटण दाबलं की घुर्र करणारी वस्तू, एवढंच मला माहीत होतं. प्रकाशने बोटीवरून फोनवर एकेक शिकवलं. काठाला जाळीचं तोंड असतं, तिथून वरचं पाणी आत ओढलं जातं. पानं, केस, किडे जाळीत अडकतात. मग पंप, मग वाळूचा फिल्टर, आणि स्वच्छ झालेलं पाणी भिंतीतल्या भोकांमधून परत पुलात. "पाणी थांबलं की ते मरायला लागतं," तो म्हणायचा. "माणसासारखंच. त्याला फिरतं ठेव." हे तो माणूस म्हणत होता ज्याला फिरून फिरून वीट आला होता. मी फिल्टरच्या काट्याकडे बघायला शिकले. काटा चढला की वाळू तुंबली, उलटं पाणी सोडून ती धुवायची. पंपाचा आवाज बदलला की स्वयंपाकघरात भाकरी थापताना माझा हात थांबायचा. पाणी आरशासारखं दिसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटायचं आणि हिरवट झाक आली की दिवसभर कुणाशी बोलवायचं नाही.

आणि मग ती रेघ उतरायला लागली.

पहिल्यांदा मी उन्हाला बोल लावला. कातळावरचं ऊन, त्यात वारा, पाणी उडणारच. मग पाहुण्यांना. त्यातल्या एका गृहस्थांना उड्या कमी मारा म्हणून सांगितलं, त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रोज बोअर चालवायची, रोज पूल भरायचा, आणि सकाळी रेघ पुन्हा खाली. घरातल्या माणसाला कुठेतरी दुखतंय आणि ते सांगत नाही, तसं मला वाटायला लागलं.

त्याच दिवसांत खाली इंदूवहिनींच्या अंगणात उत्सव होता म्हणा ना. बावीचं पाणी उतरलंच नव्हतं. वैशाख अर्धा झाला आणि पोहरा गच्च भरून वर येत होता. वरच्या वाडीतल्या बायकाही हंडे घेऊन यायला लागल्या. वहिनी पदर खोचून राहाटापाशी उभ्या, कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. त्यांचा चेहरा त्या महिन्यात मी बघितला तसा पुन्हा बघितला नाही. "देवी पावली गो मीना," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सा गाऱ्हाना घातला, यंदा आयकलान." त्यांनी देवीची ओटी भरली. बावीच्या पाण्याची घागर डोक्यावरून देवळात नेली आणि त्या पाण्याने देवीला आंघोळ घातली.

मी रोजची कळशी आणतच होते. एक दिवस तांब्याने पाणी तोंडात ओतताना ओळखीचा वास आला. मी हात हुंगले. माझ्या हातांना त्या दिवसांत सदा क्लोरीनचा वास यायचा, भाताला यायचा, उशीला यायचा. मी हात पुन्हा धुतले. वहिनीही एकदा म्हणाल्या होत्या, "पान्याला पावडरीचा वास येता. पंचायतीनं टाकली वाटता." पावसाळ्यात पंचायत बावीत पावडर टाकतेच. उन्हाळ्यात कशाला टाकेल, हे आम्हा दोघींपैकी कुणी पुढे बोललं नाही.

प्रकाशने फोनवर बादलीची परीक्षा सांगितली. बादलीत पाणी भरायचं, दगड घालायचा आणि ती पुलाच्या पायरीवर अशी ठेवायची की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येईल. दोन्हीकडे खूण करायची आणि पंप बंद करून सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं. ऊन बादलीतूनही पाणी घेतं आणि पुलातूनही, सारखंच घेतं. त्याच्यावर जे गेलं असेल ते उन्हाने नेलेलं नाही. मला हे फार आवडलं. आयुष्यात इतर ठिकाणीही अशी एक बादली ठेवता आली असती तर किती बरं झालं असतं, असं मनात आलं. आईचं दुखणं, माझं चिडचिडं होत जाणं, नवऱ्याशी फोनवर तुटक होत गेलेलं बोलणं. यातलं उन्हाने नेलेलं किती आणि गळून गेलेलं किती, कोण सांगणार? बादलीने मात्र चोख सांगितलं. पंप बंद असताना आतली नि बाहेरची रेघ जवळजवळ बरोबर होती. दुसऱ्या दिवशी पंप चालू ठेवून तेच केलं, तर बादलीतलं पाणी कालच्याइतकंच उतरलेलं आणि पूल त्याहून बोटभर खाली.

"म्हणजे पूल फुटलेला नाही," प्रकाश म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. "पंप पाणी परत ढकलतो त्या पाइपात गळतं आहे. गफूरला बोलाव."

गफूर हा आमच्या भागातला प्लंबर. काम येतं, पण कामापेक्षा बोलणं जास्त येतं. आल्या आल्या त्याने फिल्टरच्या व्हॉल्व्हवर आळ घेतला आणि तो खोलून ठेवला. व्हॉल्व्ह निर्दोष निघाला. मग त्याने जाळीच्या तोंडाभोवतीचं सिमेंट ठोकून काढलं. तेही निर्दोष. "भाभी, मी सांगतो तुमाला, ह्या पुलाला नजर लागली हाय," तो म्हणाला आणि चहा मागितला. मी चहा दिला, आणि पाइपाचं काय ते आधी बघ म्हणून सुनावलं.

चहा झाल्यावर त्याला एकदम हुशारी आली. फिल्टरपाशी पाइप सोडवला, पुलाच्या भिंतीतली भोकं बुचं मारून बंद केली आणि सोडवलेल्या तोंडातून बादलीने पाणी ओतायला सुरुवात केली. पाइप धड असता तर भरून तोंडाशी उभा राहिला असता. हा बादल्यामागून बादल्या पीत सुटला. "जाता कुठं ह्या सगळा?" गफूर खाली वाकून पाइपालाच विचारत होता. "रंग टाकून बगूया. भाभी, रंग हाय काय घरात? माझी बाटली राहिली दुकानात."

घरात रंग कुठला? हळद होती, ती विरघळत नाही. मग देवघरातली पुडी आठवली. शिमग्यात देवीची पालखी अंगणात नाचून गेली तेव्हाचा गुलाल. आमच्याकडे तो वर्षभर जपून ठेवतात, कुणाला बरं नसलं की कपाळाला लावतात. मी पुडी हातात घेऊन जरा घुटमळले. मग म्हटलं, देवीच्याच गावातलं पाणी आहे, तिला काय वाटायचंय. हात जोडले आणि पुडी बादलीत उपडी केली. लालभडक पाणी पाइपाने गटागटा पिऊन टाकलं. भरावापाशी जमीन कुठे लाल होते का म्हणून आम्ही दोघं ऊन डोक्यावर घेऊन उभे राहिलो. जमीन कोरडी ठणठणीत.

जेवणं झाली आणि खालून ओरडा ऐकू आला.

मी धावले. बावीभोवती वाडी गोळा झाली होती. वहिनी काठावर हात टेकून आत बघत होत्या. मीही वाकून बघितलं. समुद्राकडचा नव्हे, आमच्या घराकडचा जो चिरा आहे, त्याच्या फटीतून लाल धार उतरत होती आणि खाली हिरव्या पाण्यात पसरत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला कळलं होतं. पण तोंड उघडायच्या आत कुणीतरी नारळ आणला, कुणी अगरबत्ती, आणि वहिनींचे दीर तात्या, जे वाडीच्या वतीने देवीपुढे बोलतात, ते पुढे झाले. लोकांनी चपला काढल्या, बायकांनी डोक्यावरून पदर घेतले.

"बा देवी म्हाराजा," तात्यांनी सुरू केलं, "आज तू ह्या बावीत गुलाल उधळलास..."

"होय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"लेकरांचा काय चुकला असंल, तर पोटात घाल..."

"होय म्हाराजा!"

वहिनींनी डोळे मिटले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. वहिनी, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांना वाटलं मीही गहिवरले, म्हणून त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात कुंपण ओलांडून गफूर आला, गर्दीतून वाट काढत बावीत डोकावला आणि लहान मुलासारखा नाचायचाच बाकी राहिला.

"भेटला! भाभी, भेटला! आपला पानी हितं येता!"

तात्यांचा नारळ हातातच राहिला. कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. गफूरला बिचाऱ्याला काहीच कळेना. तो पाइप, भराव, कातळातल्या भेगा असं समजावून सांगत सुटला आणि ऐकणाऱ्यांना ते सगळं नीट समजत होतं. चिऱ्याच्या मुलखातली माणसं, दगडातून पाणी कसं वाट काढतं हे त्यांना वेगळं शिकवायला नको.

वहिनींनी माझा हात सोडला नव्हता. त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "म्हंजे त्या लोकांच्या आंगोळीचा पानी?"

मी हो म्हटलं.

"आनि मी ता देवीला घातला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात सोडला आणि घरात गेल्या.

माणसं पांगली. वरच्या वाडीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन परत गेल्या, जाताना माझ्याकडे न बघता. त्या दिवशी मी काठावरून घरी आले आणि मागच्या पायरीवर बसून रडले. पुण्याची मंडळी मला हाका मारत होती, त्यांना पोहायला केव्हा मिळणार हे विचारायचं होतं.

दुरुस्ती अगदी साधी होती. भराव खणला, तर खाली पाइपाचा वळणावरचा एल्बो चिरलेला. भराव बसला होता आणि बसताना पाइपाला घेऊन बसला होता. गफूरने तो तुकडा कापला, नवा एल्बो सोल्युशन लावून बसवला, खाली चिऱ्याचा टेकू दिला. दुसऱ्या सकाळी रेघ जागच्या जागी. कालच्याएवढंच पाणी. पूल सांभाळणाऱ्या माणसाला याहून गोड दुसरं काही नसतं. मी प्रकाशला फोन केला आणि आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी फोनवर हसलो.

बावीचं पाणी त्याच दिवसापासून उतरायला लागलं. वहिनींनी बाव उपसून, पावडर टाकून, गोमूत्र शिंपडून शुद्ध करून घेतली होती. आता नवं पाणी येईल म्हणून त्या वाट बघत होत्या. आलं ते चिखलापुरतं. मी कळशी घेऊन जाणं थांबवलं होतं, कुठल्या तोंडाने जाणार? आम्ही पाण्याचे जार मागवायला लागलो. कुंपणावरून दिसायच्या त्या. राहाटापाशी उभ्या राहायच्या आणि दोर सोडून पोहऱ्याचा आवाज ऐकायच्या. पाण्यात पडल्याचा आवाज वेगळा आणि गाळात पडल्याचा वेगळा, तो मलाही ऐकू यायचा.

मिरगाच्या तोंडावर एकदा त्या स्वतःच आल्या. पुलाच्या काठाशी उभ्या राहिल्या. पूल बांधल्यापासून त्या पहिल्यांदाच इतक्या जवळ आल्या होत्या. मी खुर्ची आणायला वळले, तर म्हणाल्या, "नको, बसायला नाय आलंय." निळ्या पाण्याकडे बघत त्या बोलल्या, माझ्याकडे नाही.

"बोर मारलीत तवा माजी बाव सुकली. मी म्हटला, ऊन हाय. मग पूल भरलात, तवा बाव भरली. मी म्हटला, देवी पावली. आता तुमी गळती बंद केलीत, आनि बाव परत सुकली. म्हंजे माजाच पानी व्हता ता. तुमच्या हितून फिरून माज्याकडं येत व्हता. लोकांचा मळ घीऊन, पन येत तरी व्हता."

मी बोअरच्या पाइपाकडे बघत राहिले. फिरतं पाणी, फिरतं पाणी म्हणून ज्याचं कौतुक मी महिनोन्महिने करत होते ते फिल्टरपासून पुलापर्यंतचं वर्तुळ फार लहान होतं. खरं वर्तुळ कुंपणाबाहेरून जात होतं, आणि मी नेमकं तेच तोडून, वर सोल्युशन लावून आले होते. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडून तुमच्या बावीत पाइप सोडते, बोअरचं ताजं पाणी, रोज.

"बाव काय टाकी हाय?" त्या म्हणाल्या. "वतून भरली तर ती बाव कशी गो?" आणि गेल्या.

त्या पावसाळ्यात मी पडवीत बसून राहायचे. कौलांवरून पाणी वाहताना बघायचे आणि मनात यायचं, एवढं पाणी पडतं आपल्याकडे आणि आपण ते समुद्राला देऊन टाकतो, मग उन्हाळ्यात शेजारणीच्या पोटातून ओढतो. एकदा पूल रिकामा करून छपराच्या पन्हळी त्यात सोडून बघितल्या. श्रावण सरेपर्यंत पूल काठोकाठ भरला. प्रकाशला फोनवर सांगितलं, यापुढे असंच. पावसाने भरायचा, होळीपर्यंत चालवायचा, मग क्लोरीन उडून गेल्यावर पाणी काजूंना सोडून रिकामा करायचा. उन्हाळ्यात बोअर बंद.

"मीना, मे महिन्यात पूल बंद ठेवला तर आपल्याकडे येणार कोण?" तो म्हणाला. "तो एकच महिना आहे आपला." मला हे माहीत होतं. याचा अर्थ काय तेही माहीत होतं. मग त्यानेच विचारलं, "वहिनींच्या बावीला किती आहे आता?" आता पावसाचं भरपूर आहे, मी सांगितलं. "बरं," तो म्हणाला. दिवाळी झाल्यावर त्याने पुढच्या बोटीची सही केली.

हा तसा पहिलाच मे. फोन येतात, "पूल चालू आहे ना?" नाही म्हटलं की पलीकडचा आवाज लगेच विनम्र होतो आणि ठेवून देतो. खोल्या रिकाम्या आहेत. गुरांना आता पुन्हा शांततेची सवय करावी लागते आहे. पंपाचा आवाज नाही, त्यामुळे समुद्राचा ऐकू येतो. घरात एकटी असले की मला कधी कधी संताप येतो. कुणावर, ते ठरवता येत नाही. वहिनींवर येतो, आणि लगेच त्या संतापाची लाज वाटते. एका बावीसाठी मी माझा माणूस समुद्रावर ठेवला आहे, हे खरं आहे. त्यांनी ते मागितलं नव्हतं, हेही खरं आहे. आणि बावीला पाणी राहील याची खात्री कुणी दिलेली नाही. कातळाच्या पोटात काय चालतं ते बादली ठेवून कळत नाही. वाडीत आणखी दोन बोअर झाल्या आहेत.

आज सकाळी नेहमीप्रमाणे रिकाम्या पुलाच्या काठावर जाऊन बसले. सरडा होता. कुंपणाचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, वाजलं म्हणून वळून बघितलं, तर वहिनी. कमरेवर कळशी. आमची, लग्नात मिळालेली, जिच्या काठाला पोचा आहे. बाव लाल झाली त्या दिवशी सकाळी मी ती भरायला म्हणून बावीपाशी ठेवली होती आणि तिथेच राहिली होती. मी कधी मागितली नव्हती, त्यांनी कधी परत केली नव्हती.

त्यांनी कळशी माझ्या शेजारी फरशीवर टेकवली. घासून लख्ख केली होती. अर्धीच भरलेली. वर पोफळीची फुलं नव्हती.

"गाळून घी," त्या म्हणाल्या. "गाळ हाय अजून."

मी ओंजळ पुढे केली. त्यांनी कळशी कलती केली. पाणी गार होतं आणि जरा मातकट. मी प्यायले आणि मग सवयीने हात हुंगले. हातांना कसलाच वास नव्हता.

"किती आहे?" मी विचारलं.

वहिनींनी पुलाच्या तळाकडे बघितलं, वाळक्या पानांकडे, त्या पांढऱ्या रेघेकडे.

"कालच्याएवढाच हाय," त्या म्हणाल्या.